एसटी बंद, गोळी चालू

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांची, बाटली तीस गोळ्यांची असते. रोज रात्री एक, म्हणजे बरोबर महिन्याचा हिशोब. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात हा हिशोब एकाएकी अवघड झाला. मुंबईची लोकल थांबली, एसटी थांबली, २३ तारखेला राज्यात संचारबंदी लागून जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्या रात्री कुणाच्या बाटलीत वीस गोळ्या होत्या, कुणाच्या चार. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०१९ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारी २३ लाख ४९ हजार माणसं होती. त्यांतली ३ लाख ९६ हजार महाराष्ट्रातली, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. सगळ्यांचाच उपचार सुरू नव्हता. पण ज्यांचा होता, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला पुढच्या महिनाभरात कधी ना कधी नवी बाटली लागणार होती.

भीती साऱ्या जगाला होती. ११ मे २०२० ला जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यूएनएड्स यांनी एक गणिती अंदाज जाहीर केला : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एचआयव्हीचे उपचार सहा महिने खंडित झाले, तर एड्सशी संबंधित आजारांनी पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू होतील. तसं घडलं नाही. एड्स, टीबी आणि मलेरियाविरुद्ध पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडाच्या मदतीवर चालणाऱ्या देशांत २०२० साली उपचार घेणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी ८.८ टक्क्यांनी वाढली. रुग्णालयं कोविडने भरलेली, रस्ते बंद, कर्मचारी आजारी, आणि तरी गोळी चालू राहिली. ही यंत्रणा आतून कशी चालते ते पाहिल्याशिवाय याचा उलगडा होत नाही.

सुरुवात गोळीपासूनच करू. २०२० च्या आरंभी आपल्याकडे बहुतेकांची पहिल्या फळीची गोळी टीएलई होती : टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि इफाविरेन्झ ही तीन औषधं एकत्र. इफाविरेन्झने चक्कर येते, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणून ती झोपताना घ्यायची. एचआयव्ही शरीरात दिवसाला अब्जावधींच्या संख्येने स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रती काढताना चुका करतो. त्यातली एखादी चूक त्याला औषधापासून वाचवणारी निघते. एकाच औषधाला चुकवणं त्याला जमतं, तिघांना एकदम चुकवणं जवळपास अशक्य. सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

आता गोळी अचानक बंद झाली तर? तिन्ही औषधं शरीरातून एकदम जात नाहीत. लॅमिव्ह्युडिन लवकर उतरतं, टेनोफोविर त्याच्या मागून. इफाविरेन्झ मात्र सर्वांत चिवट, काहींच्या रक्तात ते दोन-तीन आठवडेही रेंगाळतं. म्हणजे काही दिवस असे येतात, की डोकं वर काढणाऱ्या विषाणूसमोर हे औषध एकटंच उभं असतं, तेही अपुऱ्या मात्रेत. आणि इफाविरेन्झला हरवायला विषाणूला एकच नेमका बदल पुरतो. म्हणून ‘पंधरा दिवस गोळी नव्हती, आता पुन्हा सुरू केली’ हे बोलायला सोपं असलं तरी त्या पंधरा दिवसांत ही गोळी कायमची निकामी होऊ शकते. मग दुसऱ्या फळीची औषधं : जास्त गोळ्या, जास्त त्रास, सरकारला जास्त खर्च. उलट गोळी नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

इथे लोपिनाविर-रिटोनाविरची गोष्ट सांगायला हवी. हे दुसऱ्या फळीतलं एचआयव्हीचं औषध कोविडवर चालेल, अशी आशा २०२० च्या सुरुवातीला जगभर होती आणि जयपूरला एका इटालियन दांपत्याला ते दिलंही गेलं. ज्यांचं आयुष्य याच गोळीवर चाललं होतं, त्यांच्या पोटात गोळा आला. हे औषध कोविडच्या वॉर्डात गेलं तर आम्ही काय घ्यायचं? जूनअखेर ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत त्याचा कोविडवर उपयोग नसल्याचं दिसलं आणि जुलैच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या चाचणीतून ते वगळलं. एका औषधाच्या अपयशावर इतक्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडावा, असं क्वचितच होतं.

गोळीचा प्रवास कारखान्यापासून सुरू होतो, आणि तो कारखाना बहुतेक वेळा भारतातच असतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वापरल्या जाणाऱ्या जेनेरिक एचआयव्ही औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आपल्याकडून जातात. मुंबईच्या सिप्लाने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, त्याआधी श्रीमंत देशांत त्याला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. तेव्हापासूनची ही घडण आहे. त्यामुळे आपल्या टाळेबंदीचा धक्का फक्त आपल्यापुरता नव्हता. कच्चा माल चीनमधून यायचा, तिकडे आधीच बंद. तयार माल विमानांच्या पोटातून जायचा, ती विमानं जमिनीवर. भारतातून निर्यात होणारी औषधं पोहोचेपर्यंत १० ते २५ टक्के महाग पडतील, असा अंदाज यूएनएड्सने जून २०२० मध्ये दिला होता. निरोधचीही तीच गत. जगातला साधारण दर पाचवा कंडोम बनवणाऱ्या मलेशियातल्या कॅरेक्स कंपनीला मार्चमध्ये काही दिवस कारखाने बंद ठेवावे लागले.

कारखान्यातून राज्याच्या भांडारात, तिथून एआरटी केंद्रात. एआरटी केंद्र म्हणजे बहुधा सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजातल्या दोन-तीन खोल्या. तिथे डॉक्टर, समुपदेशक, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, डेटा मॅनेजर आणि केअर कोऑर्डिनेटर अशी मंडळी असतात. यांतला केअर कोऑर्डिनेटर स्वतः एचआयव्हीसह जगणारा असतो. तालुक्याच्या ठिकाणी काही ग्रामीण रुग्णालयांत ‘लिंक एआरटी’ असतं. तिथे तपासणी थोडी, पण महिन्याची औषधं मिळतात. जिल्ह्याचा कारभार तेव्हा डापकू, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, बघत होतं. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात संस्था, जास्त धोका असलेल्या गटांत काम करणारे टीआय प्रकल्प, त्याच गटांतून आलेले पीअर, आउटरीच वर्कर आणि पॉझिटिव्ह लोकांची स्वतःची नेटवर्कं.

टाळेबंदीत नाकोचा पहिला मोठा निर्णय होता एकदम तीन महिन्यांची औषधं देण्याचा. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना दरमहा बोलावण्याची गरज नाही, हे वैद्यकशास्त्राला आधीच ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच तीन ते सहा महिन्यांचा साठा एका वेळी देण्याची शिफारस केली होती. आपल्याकडे कागदावर मुभा होती, सवय मात्र महिन्याचीच होती. एकदम इतक्या गोळ्या दिल्या तर लोक घेतील का, हरवतील का, परत येतील का, अशा शंका असत. माझ्या मते त्या शंकांच्या मुळाशी रुग्णाविषयीचा अविश्वास होता. टाळेबंदीने तो बाजूला ठेवायला लावला, एवढंच.

पण ‘तीन महिन्यांचं द्या’ हा आदेश निघाल्याने तीन महिन्यांचं आपोआप मिळत नाही. समजा एका केंद्रात दोन हजार लोक औषध घेतात. महिन्याला दोन हजार बाटल्या लागतात आणि कपाटात दोन महिन्यांचा साठा आहे, म्हणजे चार हजार बाटल्या. पहिल्याच फेरीत सगळ्यांना तीन-तीन द्यायच्या तर सहा हजार हव्यात. आधी आलेल्यांना तीन-तीन दिल्या, तर तेराशेच्या आसपास लोकांनंतर कपाट रिकामं आणि मागचे सातशे हात हलवत परत. वर्षभराची एकूण गरज एका गोळीनेही वाढलेली नसते. साठा फक्त सरकारी कपाटातून घरोघरच्या कपाटांत जात असतो. तरी त्या एका फेरीपुरती तूट पडतेच.

म्हणून फार्मासिस्ट आणि डेटा मॅनेजर यांनी बसून याद्या करायच्या असतात. कुणाच्या गोळ्या सात दिवसांत संपतात? त्यांना आधी, महिन्याची का होईना, बाटली. लांबचा कोण, ज्याला पुन्हा येणं अशक्य? त्याला तीन. शहरातला, चालत येऊ शकणारा? त्याला सध्या एक, नवा माल आला की पुढच्या दोन. शेजारच्या जिल्ह्यात साठा जास्त असेल तर तिथून मागवायचा. ही पहिली फेरी निभावली की पुढे सारं सोपं होतं. जिथे महिन्याला दोन हजार लोक यायचे, तिथे सातशेच्या आत येतात, गर्दी आपोआप कमी होते आणि डॉक्टरला आजारी माणसाकडे बघायला वेळ मिळतो. गर्दी टाळणं हे त्या दिवसांत स्वतंत्र औषधच होतं. मुंबईतलं नायर एप्रिलमध्ये पूर्ण कोविड रुग्णालय झालं होतं. जिथे औषध घ्यायला जायचं तिथेच कोविडचे वॉर्ड, तर प्रतिकारशक्ती आधीच कमी असलेल्या माणसाने पाऊल कसं टाकायचं?

तर औषध आहे, यादी आहे. आता ते माणसापर्यंत न्यायचं. वाणसामान घरपोच येत होतं, तसं हेही पाठवा की, असं कुणालाही वाटेल. अडचण इथेच होती.

एचआयव्हीची औषधं घेणारी अनेक माणसं मुद्दाम आपल्या जवळचं केंद्र टाळतात. जतचा माणूस सोलापूरला जातो, बार्शीचा लातूरला. गावच्या ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी असलं तरी त्या दारात उभं राहायचं नसतं, कारण केसपेपर काढणारा आपल्याच आळीतला. तासन्‌तासांचा प्रवास, बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं, हे सगळं देऊन तो माणूस महिन्याकाठी गुप्तता विकत घेत असतो. लांबचं अंतर हाच त्याचा आडोसा. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा सर्वांत आधी हीच माणसं अडकली. कोणत्याही केंद्राच्या रुग्णाला जवळच्या कोणत्याही एआरटी केंद्राने औषध द्यावं, अशी सूचना नाकोने दिली, ती योग्यच होती. मुंबईहून कोकणात किंवा उत्तर प्रदेशात पायी निघालेल्या मजुरांना तिचा आधार झाला. पण जतच्या माणसाला जवळचं केंद्र नकोच होतं!

मग फोन. रजिस्टरमधला नंबर कुणाचा, इथपासून प्रश्न. कधी तो नवऱ्याचा असतो, कधी शेजारच्या किराणा दुकानाचा. अनुभवी समुपदेशक पहिल्या वाक्यात आजाराचं नाव घेत नाही, एआरटीही म्हणत नाही. ‘मी सिव्हिलमधून बोलतेय, ताई, आत्ता बोलता येईल का?’ एवढंच. समोरून ‘हो, बोला’ आलं तरी आवाजावरून ओळखायचं की बाजूला कुणी आहे का. असेल तर प्रश्न असे विचारायचे की उत्तर हो-नाहीत देता यावं. ‘दहा दिवसांची आहेत का?’ ‘घरी पाठवू?’ ‘मग पेट्रोल पंपावर?’ ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला मेसेज पाठवून उपयोग नाही, आणि व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज दहा बाय दहाच्या खोलीत मोठ्याने वाजला तर अनर्थ. त्यामुळे तो कधी पाठवायचा हेही आधी ठरवून घ्यावं लागे.

‘घरी नको’ हे उत्तर ओळखीचं. मग जागा ठरे. दूध डेअरी, मेडिकलचं दुकान, रेशनच्या दुकानासमोरची रांग, अशा ठिकाणी टाळेबंदीतही बाहेर पडायला सबब असे. बाटली साध्या पिशवीत, वर दोन बिस्किटांचे पुडे किंवा तांदूळ. गल्लोगल्ली धान्याची किट वाटली जात होती, त्यामुळे कुणाच्या हातात पिशवी दिली तर कुणी वळून पाहत नव्हतं. आणि मास्कने इथे मोठे उपकार केले. लहान गावात पीअर म्हणून काम करणारी बाई सगळ्यांना ठाऊक असते. ती ज्याच्या दाराशी उभी राहील त्याच्याकडे बोटं जातात. तोंड झाकलेलं असताना ती चार बायकांतली एक होती.

बाटली घरात आल्यावरही संपत नाही. सगळं घर चोवीस तास घरात. नवरा कामावर, मुलं शाळेत, तेवढ्या वेळात गोळीची सोय बघणारी बाई आता कुठे लपवणार? घरच्यांना बीपीची किंवा ताकदीची गोळी सांगणारे खूप असतात. लेबल खरवडून टाकतात. गोळ्या वाजू नयेत म्हणून बाटलीत कापूस कोंबतात. पण आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये, आणि गोळ्या पदराच्या गाठीत किंवा कागदाच्या पुडीत ठेवू नयेत, दमट हवेने खराब होतात. तीन बाटल्या मिळाल्यावर त्या लपवायला तिप्पट जागा लागते, हे धोरण लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. काहींनी म्हणून तीन नाकारून एकच मागितली. टीएलईच्या जागी पुढे टीएलडी आली, म्हणजे इफाविरेन्झऐवजी डोलुटेग्राविर. ही गोळी आकाराने लहान, चक्कर फारशी नाही, आणि विषाणूला तिच्याविरुद्ध बदलणं पुष्कळच अवघड. हा बदल नेमका त्याच वर्षी सुरू झाला, हा सुदैवाचा भाग.

औषध घेऊन निघालेल्या कार्यकर्त्याला रस्त्यावर नाकाबंदी लागे. ‘कुठे?’ ‘औषधं द्यायला.’ ‘कसली औषधं?’ इथे काय सांगायचं? एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पण भर उन्हात काठी घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराला कायद्याचं कलम ऐकवून गाडी पुढे जात नाही. पुढे जाते ती रुग्णालयाच्या शिक्क्याच्या पत्रावर. त्यामुळे त्या पत्रातले शब्द फार महत्त्वाचे. ‘सदर व्यक्ती शासकीय रुग्णालयाची नियमित औषधे रुग्णांपर्यंत पोहोचवीत आहे’ इतकं पुरतं. रुग्णाला स्वतःला प्रवास करायचा असेल, तर त्याच्या पासवर ‘नियमित औषधोपचार’ असावं. विभागाचं पूर्ण नाव छापलेल्या लेटरहेडवर पत्र दिलं, तर ते दाखवणाऱ्याचा आजार प्रत्येक नाक्यावर जाहीर होतो.

काही जणांचं तीन महिन्यांच्या बाटल्यांनी भागत नाही. गरोदर बाईचं निदान नुकतंच झालं असेल तर तिला आजच औषध सुरू व्हायला हवं. बाळ जन्मल्याबरोबर त्याला नेव्हिरॅपिनचं सिरप आणि सहा आठवड्यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची तपासणी. हे थेंब कागदावर वाळवून कुरियरने प्रयोगशाळेत जातात, कुरियर बंद तर निदान बंद. ज्याला टीबीही आहे त्याच्या दोन्ही उपचारांचा मेळ घालावा लागतो. आणि नशेच्या इंजेक्शनमधून लागण झालेले किंवा तो धोका असलेले, जे ओएसटीवर, म्हणजे नशेच्या जागी गोळी देणाऱ्या उपचारावर, आहेत, त्यांची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घ्यायची असते. रोज यायला रस्ता नाही, आणि गोळी चुकली तर माणूस पुन्हा सुईकडे. नाकोने त्यांना काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची परवानगी दिली. गोळ्या विकल्या जातील या धास्तीने आधी हे फार आखडत्या हाताने व्हायचं.

यंत्रांचीही ओढाताण झाली. रक्तात एचआयव्ही किती आहे हे मोजणारी व्हायरल लोड तपासणी आणि कोविडची आरटी-पीसीआर, दोन्हींचं तंत्र एकच. टीबीसाठी घेतलेली ट्रूनॅट यंत्रं एप्रिलपासून कोविडला लागली. २७ जुलै २०२० ला मुंबई, नोएडा आणि कोलकात्यात ज्या मोठ्या कोविड प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्यांतली यंत्रं एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासणीचीही होती. साथ गेल्यावर ती त्या कामाला येतील, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. पण त्या काळापुरती एचआयव्हीची तपासणी मागच्या रांगेत गेली. तंत्रज्ञ तोच, किट ठेवायचा फ्रीज तोच, दिवस तेवढाच.

आणि भाकरी. उपाशी पोटी गोळीने मळमळतं, आणि हातात शेवटचे पन्नास रुपये असताना माणूस रिक्षा करून औषध आणायला जात नाही. पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा कामाठीपुरा, सांगलीचं गोकुळनगर, इथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांचा धंदा एका रात्रीत बंद झाला. रेशनकार्ड नाही, अनेकींच्या कागदपत्रांवर पत्ता दुसऱ्याच राज्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात आदेश दिला, की देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर २,५०० रुपये जास्त जाहीर केले. ओळखपत्र मागायचं नाही, तर ओळखायचं कसं? नाकोच्या प्रकल्पांच्या याद्यांवरून. ज्या याद्या गुप्त राहाव्यात म्हणून संस्थांनी वर्षानुवर्षं जपलं, त्याच आता शिध्याचं तिकीट झाल्या. यादी दिली तर नाव उघडं पडणार, न दिली तर चूल पेटणार नाही. यातून जिथे बरा मार्ग निघाला, तिथे बायकांच्या स्वतःच्या संघटना होत्या. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ आणि १९९६ पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ काम करते आहे. कोणत्या खोलीत कोण राहतं, कुणाचं मूल तापाने आजारी आहे, हे माहीत असलेली माणसं टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी नेमता येत नाहीत.

या बिनीच्या माणसांच्या वाट्याला काय आलं, तेही नोंदवायला हवं. ३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. पीअर आणि आउटरीच वर्करचं काम कुणाच्या नजरेतच नव्हतं. मानधन तुटपुंजं, त्यात पेट्रोल, फोनचा रिचार्ज. यांतले कित्येक जण स्वतः एचआयव्हीसह जगणारे, म्हणजे कोविडचा धोका त्यांना इतरांहून जास्तच. सरकारी अहवालांत त्यांच्या कामाला ‘समुदायाचा सहभाग’ असं गोड नाव मिळतं. सहभाग कसला, शेवटचा सगळा टप्पा त्यांनीच चालवला.

ही कल्पना टाळेबंदीत जन्मलेली नाही. मोझांबिकमधल्या टेटे प्रांतात २००८ मध्ये ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या मदतीने रुग्णांचे सहा-सहा जणांचे गट झाले. दर महिन्याला एकाने दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सहाही जणांची औषधं आणायची. प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदा. प्रवास एक षष्ठांश झाला आणि उपचार सोडणारे कमी झाले. दक्षिण आफ्रिकेने २०१४ पासून रुग्णाला घराजवळच्या ठरलेल्या ठिकाणी औषध मिळण्याची सोय उभी केली होती. कोविड आला तेव्हा ती फक्त वाढवायची होती. ज्यांच्याकडे अशी घडी आधीपासून होती, ते तरले. ज्यांना ती ऐन साथीत बसवावी लागली, त्यांची दमछाक झाली.

दक्षिण आफ्रिकेतून आणखी एक धडा मिळाला. तिथल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या एका ३६ वर्षांच्या स्त्रीचा एचआयव्ही औषधांना दाद देत नव्हता. तिला कोविड झाला आणि कोविडचा विषाणू तिच्या शरीरात २१६ दिवस राहिला. त्या काळात त्याच्यात तीसहून अधिक बदल झाले. तिला डोलुटेग्राविर असलेलं औषध सुरू झालं, प्रतिकारशक्ती सावरली आणि कोविडचा विषाणू गेला. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर, साथीच्या काळात एचआयव्हीची सेवा तूर्त बाजूला ठेवू म्हणणाऱ्यांचं तोंड बंद व्हायला हवं होतं. उपचाराविना राहिलेला एचआयव्ही नव्या साथीच्या विषाणूला बदलायला सवड देतो.

सगळंच वाचलं असं नाही. त्याच ग्लोबल फंडाच्या आकड्यांत २०२० साली एचआयव्हीच्या तपासण्या २२ टक्क्यांनी घटल्या आणि प्रतिबंधाच्या सेवा मिळालेले लोक ११ टक्क्यांनी. ज्याचं नाव रजिस्टरला आहे त्याला शोधून बाटली देता येते. ज्याला आपल्याला लागण झाल्याचं अजून ठाऊकच नाही, त्याला कुणी फोन करायचा? त्या वर्षी निदान न झालेली माणसं पुढे टीबी घेऊन, वजन घटून, उशिरा रुग्णालयात आली. गोळी पोहोचवण्याची यंत्रणा समाजातल्या माणसांनी तारली. तपासणीची यंत्रणा रुग्णालयाच्या दारात माणूस स्वतःहून येण्यावरच अवलंबून राहिली, म्हणून ती पडली.

रस्ते बंद व्हायला दर वेळी जागतिक साथच लागते असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा, आणि तेव्हा चिपळूण-महाडही. म्हणून औषध घेणाऱ्या वाचकांसाठी काही गोष्टी. तब्येत स्थिर असेल तर केंद्रात तीन महिन्यांच्या औषधांबद्दल विचारा. एक जादा बाटली हाताशी राहील असं बघा आणि पुरात-पावसात ती उंचावर, कोरड्या जागी ठेवा. केंद्राने दिलेला एआरटी नंबर पाठ असू द्या आणि उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकाच्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये, तोही लॉक करून. ते असेल तर परजिल्ह्यात, परराज्यातही जवळच्या एआरटी केंद्रात जाऊन औषध मागता येतं. अडलं तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. ज्यांनी तपासणी केलेली नाही, त्यांची ती सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात, फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. आणि गोळ्या संपायला दहा दिवस उरले की केंद्राला फोन करा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.